गाय ठणठणीत आहे, हे कशावरून ओळखायचं?

"गाय खाते, दूधही देते, मग ती आजारी कशी?" आणि "नाक जरा कोरडं दिसतंय, डॉक्टरांना बोलावू का?" पशुपालक वाचकांचे बहुतेक प्रश्न या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. पहिल्या टोकाला उपचाराला उशीर होतो, दुसऱ्या टोकाला उगाचचा खर्च आणि उगाचच्या सुया. आजारांची लक्षणं अनेकांना पाठ असतात. धडधाकट जनावर कसं उठतं, कसं बसतं, मिनिटाला किती श्वास घेतं, हे मात्र निरखून पाहिलेलं नसतं. त्यामुळे बिघाड सुरू झाला तरी तो बिघाड आहे हे कळायला दोन दिवस जातात.

पुढचं सगळं वाचताना दोन गोष्टी धरून चाला. कुठल्याही एका किरकोळ खुणेवर निर्णय घेऊ नका. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच त्यांना अर्थ आहे. आणि तुमच्या गायीची तुलना शेजाऱ्याच्या गायीशी करू नका, तिच्या स्वतःच्या कालच्या वागण्याशी करा. एखादी गाय मुळातच संथ खाते, एखादी मारकी असते. मारकी गाय अचानक गरीब झाली तर ती सुधारली असं समजू नका, थर्मामीटर काढा.

आधी लांबून बघा

सकाळी गोठ्यात शिरताच शेण ओढायला सुरुवात करू नका. पाच मिनिटं बाहेर उभं राहून नुसतं पाहा. तुम्ही जवळ गेलात की जनावर सावध होतं आणि बऱ्याच खुणा लपवतं.

निरोगी गाय दिवसाचे दहा ते बारा तास बसून काढते. ती छातीवर, पाय पोटाशी घेऊन, किंचित एका कुशीला कलून बसते. मान वळवून डोकं कुशीत घालून बराच वेळ पडून राहणं हे चांगलं लक्षण नाही. उठताना ती आधी मागचे पाय टेकते, मग पुढचे, आणि उठल्यावर बहुधा पाठ ताणून आळस देते. हा आळस दिसला की निम्मी काळजी मिटली असं समजायला हरकत नाही. दुखणाऱ्या गायीला आळस देणं सुचत नाही.

वैरणीची पाटी घेऊन तुम्ही येताना कान तुमच्याकडे वळतात का? मुक्तसंचार गोठ्यात सगळ्या गव्हाणीकडे निघाल्यावर कोण मागे रेंगाळतं? कळपापासून दूर, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली गाय बाकी काही दिसत नसलं तरी त्या दिवशी तुमच्या लक्षात राहिली पाहिजे.

चालही इथेच बघून घ्या. धडधाकट गायीची पाठ उभी असताना सरळ असते आणि चालतानाही सरळच राहते. उभी असताना सरळ पण चालताना कमानीसारखी वर येत असेल, तर खुरात दुखणं सुरू झालेलं आहे. लंगडणं उघड दिसायला अजून काही दिवस असतात. खूर साळून घ्यायची वेळ ती हीच.

रवंथ, भकाळी आणि शेण

एकच गोष्ट रोज तपासायला वेळ असेल तर रवंथ तपासा. गाय साधारण सात ते आठ तास रवंथ करते, खाणं झाल्यावर अर्ध्या-एक तासात सुरुवात होते. दुपारी गोठा शांत असताना नजर टाका: बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असतील तर खुराक आणि वैरण यांचं प्रमाण ठीक आहे. एकेका घासाला किती चावे बसतात तेही मोजा. 40 ते 70 चावे, मग गिळणं, काही सेकंदांची विश्रांती आणि नवा घास. चावे तिसाच्या खाली घसरले तर वैरण कमी किंवा फार बारीक कापलेली, आणि पेंड-भरडा जास्त, असा अंदाज करता येतो.

आता जवळ जा. डाव्या बाजूला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधला त्रिकोणी खळगा म्हणजे भकाळी. तिथे मूठ दाबून धरा आणि घड्याळ लावून दोन मिनिटं थांबा. कोठीपोटाची लाट मुठीला आतून उचलते; दोन मिनिटांत दोन ते चार वेळा असं जाणवलं तर पोट चालू आहे. लाट मंद असेल किंवा येतच नसेल तर रवंथही बंद असणार.

भकाळी नुसती पाहूनही बरंच कळतं. किंचित खोलगट असेल तर ठीक. वाटीसारखी खोल गेली असेल तर गायीने काल पोटभर खाल्लेलं नाही, मग गव्हाण रिकामी का दिसेना. शेजारणीने तिचा वाटा खाल्ला असेल. भकाळी फुगून वर आली आणि टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज आला तर ती पोटफुगी. तिथे वाट पाहायला वाव नाही.

शेण बघायला लाजू नका, ते गोठ्यातलं फुकटचं प्रयोगशाळेचं कागदपत्र आहे. निरोगी दुभत्या गायीचं शेण पडताना थप असा आवाज होतो, तीन-चार सेंटीमीटर उंचीचा पो तयार होतो आणि त्याच्या मध्यावर थोडा खळगा राहतो. पावसाळ्यात कोवळं हिरवं गवत सुरू झाल्यावर ते काही दिवस पातळ होणारच, आणि कोरड्या कडब्यावरच्या भाकड गायीचं घट्ट असणार. हे आजार नव्हेत. पण पाण्यासारखं, बुडबुडे असलेलं, आंबूस वासाचं शेण, किंवा त्यात मक्याचे-ज्वारीचे अख्खे दाणे दिसणं म्हणजे पोटात आम्लता वाढतेय. लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी जनावरांपुढे टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण पाटीभर शिळा भात गायीचा जीव घेऊ शकतो.

लघवी फिकट पिवळी, स्वच्छ असते. कॉफीच्या रंगाची किंवा लाल लघवी हे नेहमीच गंभीर लक्षण. गोचिडांमुळे होणारा बबेसिओसिस, किंवा व्यायलेल्या म्हशीत स्फुरदाची कमतरता, यापैकी काय ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त एका स्वच्छ बाटलीत नमुना धरून ठेवा.

थर्मामीटर आणि घड्याळ

कान गार लागला म्हणजे ताप नाही, शिंग गरम लागलं म्हणजे ताप आहे, हे अंदाज सोडून द्या. साधं थर्मामीटर गोठ्यात हवंच. पारा झटकून खाली आणा, टोकाला थोडं तेल लावा, गुदद्वारात घालून आतल्या भिंतीला टेकवून दीड-दोन मिनिटं धरा. शेणात नुसतं रुतलं तर आकडा चुकतो.

शांत उभ्या असलेल्या जनावराचे साधारण आकडे असे:

- तापमान: मोठी गाय 100.4 ते 102.8 अंश फॅरनहाइट. म्हशीचं बहुधा अर्धा-एक अंश कमी, लहान वासराचं थोडं जास्त.
- श्वास: मिनिटाला 15 ते 30. गायीच्या मागे थोडं बाजूला उभं राहून कुशीची हालचाल मोजा.
- नाडी: मिनिटाला 50 ते 80. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला मधोमध बोटं टेकवली की लागते.

हे आकडे सकाळच्या गारव्यातले समजा. संध्याकाळी तापमान सहज अर्धा अंश वर असतं. मे महिन्याच्या दुपारी उन्हातून आलेली म्हैस 103 दाखवेल आणि तासभर सावलीत, पाण्यात राहिली की खाली येईल; तिला तापाचं इंजेक्शन देणं म्हणजे पैसे घालवणं. होल्स्टिन संकर गायींना तर आपला उन्हाळा मुळातच सोसत नाही. श्वास साठ-सत्तरच्या पुढे गेले, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय, असं दिसलं की औषधाआधी सावली, अंगावर पाणी आणि पंखा.

वाढलेल्या तापाची सगळ्यांना भीती असते. मला घटलेल्या तापमानाची जास्त वाटते. व्यायल्यापासून दोन-तीन दिवसांत गाय थंड पडली, कान गार, मान कुशीकडे इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली, उठता येत नाही: हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं आणि शिरेतून दिलेल्या कॅल्शियमने गाय बहुधा लवकर उभी राहते. उशीर झाला तर मात्र दगावते. ही सलाईन डॉक्टरांनीच लावायची. वेग चुकला तर हृदय बंद पडतं.

नाक, डोळे, कातडी

निरोगी गायीच्या नाकाडावर दवासारखे थेंब असतात, हे खरं. पण झोपेतून नुकती उठलेली किंवा उन्हात बांधलेली गाय थोडा वेळ कोरडी दिसू शकते. कोरडं नाक, न खाणं आणि रवंथ बंद, हे तिन्ही एकत्र असतील तर काळजी करा. नाकातून पाण्यासारखा थोडा स्राव चालतो. घट्ट, पिवळा, वास येणारा चालत नाही.

डोळे पाणीदार, खोबणीत भरून बसलेले असावेत. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. गुलाबी हवा. पांढुरका असेल तर जंत, गोचीड किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने रक्त कमी झालंय. पिवळसर असेल तर कावीळ. दिवसाच्या उजेडात बघा, बॅटरीच्या प्रकाशात फसगत होते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत जागेवर बसली पाहिजे. उभीच राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

अंगावरची चमक चांगली खूण आहे, पण म्हशीच्या बाबतीत आधी हात फिरवून बघा. बाजारात आलेल्या म्हशीचं तेज बऱ्याचदा तेलाच्या बाटलीतलं असतं.

गोचीड शोधायची तर कानाच्या आत, कासेच्या फटीत, शेपटीखाली आणि मांड्यांच्या सांध्यात बोटं फिरवा. संकर गायींना थायलेरिओसिसचा, म्हणजे गोचीडतापाचा, धोका फार. जोराचा ताप आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी हाताला लागणं ही त्याची ओळख. निरोगी जनावरात ती गाठ सहज जाणवत नाही.

कास आणि दुधाची पावती

चांगली कास मऊ, लवचिक असते. धार काढण्याआधी भरलेली, धार झाल्यावर रिकाम्या पिशवीसारखी सैल. धार काढूनही घट्टच राहिली, एक भाग दुसऱ्यापेक्षा गरम किंवा दगडासारखा लागला, तर ती दगडी, म्हणजे कासदाह. पहिलारू कालवडीच्या कासेला व्यायच्या सुमारास सूज येते, बोट दाबलं की खळगा पडतो. ती सूज दुखरी आणि लाल नसेल तर सहसा काही दिवसांत ओसरते.

प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून बघा. गुठळ्या, पाणचटपणा, लालसर छटा लगेच कळते. या धारा जमिनीवर सोडू नका, गोठ्यात जंतू पसरतात. सुप्त कासदाह मात्र डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी सीएमटी नावाची चाचणी आहे. चार खळ्यांच्या थाळीत चारही सडांचं दूध वेगवेगळं घ्यायचं, द्रावण मिसळून थाळी फिरवायची. दूध जेलीसारखं घट्ट झालं त्या सडात बिघाड. व्यायल्यावर पहिले काही दिवस चिकामुळे ही चाचणी फसवी निघते.

संकलन केंद्राच्या पावतीकडे आपण फक्त रुपयांसाठी बघतो. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा मूळ दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरला जातो. एसएनएफ हळूहळू उतरत असेल तर खुराकाची कमतरता किंवा सुप्त कासदाह तपासा. फॅट अचानक पडलं तर वैरण कमी आणि पेंड जास्त झाली का ते बघा. ताज्या व्यायलेल्या गायीचं दूध घटतंय आणि फॅट मात्र वर चढतंय, हे तर खुशीचं कारण समजूच नका. ती स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवतेय. अर्थात पावती सगळ्या गोठ्याची मिळून असते, त्यामुळे संशय आला की एकेकीचं दूध वेगळं तपासून घ्या.

दूध एका दिवसात थोडं कमी-जास्त होणारच. माजावरची गाय त्या दिवशी दूध चोरते. पण नेहमीपेक्षा दहा-पंधरा टक्के घट सलग दोन धारांना दिसली तर कारण शोधा.

जाडजूड म्हणजे निरोगी?

पशुवैद्यक 1 ते 5 असे देहस्थितीचे गुण देतात. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 5 म्हणजे चरबीचा गोळा. दुभत्या गायीने व्यायच्या वेळी 3 ते 3.5 वर असावं आणि व्यायल्यानंतर अर्ध्या-पाऊण गुणापेक्षा जास्त उतरू नये. हे हाताने ठरवता येतं. कमरेच्या आडव्या हाडांच्या टोकांवर तळवा ठेवा. हलकं दाबल्यावर टोकं जाणवली तर साधारण 3. न दाबताच टोचत असतील तर कमी, जोर लावूनही लागत नसतील तर गाय लठ्ठ. शेपटीच्या मुळाशेजारचे खळगे चरबीने भरून गेले असतील तरीही लठ्ठच.

लठ्ठ गाय व्यायला अडते, वार अडकते, खाणं लवकर सुरू करत नाही. भाकड काळात "पुढे दूध देईल" म्हणून भरमसाट पेंड चारणं हा त्यातला मोठा वाटेकरी. दुसरीकडे, ऐन दुधात असलेल्या जर्सीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणून घाबरू नका. प्रत्येक जातीचा बांधा वेगळा. खिल्लार मुळातच सडपातळ आणि कणखर, देवणी अंगाने भरदार. एकीच्या मापाने दुसरीला मोजलं तर दोघींवर अन्याय होईल.

व्यायल्यानंतरचे तीन आठवडे

दुभत्या जनावराच्या बहुतेक मोठ्या आजारांची सुरुवात याच दिवसांत होते. बाकी वर्षभर जमलं नाही तरी पहिले दहा दिवस रोज सकाळी तापमान घेऊन कॅलेंडरवर लिहा.

वार साधारणपणे बारा तासांच्या आत पडते. नाही पडली तर तिला दगड, चप्पल, वीट बांधू नका आणि ओढूही नका. आत जखम होऊन गर्भाशय सडतं. ताप नसेल, गाय खात असेल तर एक दिवस थांबून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचं ठरवा. पहिले दोन आठवडे लालसर-तपकिरी स्राव येतो तो स्वच्छतेचाच भाग आहे. त्याला कुबट, सडका वास असेल तर संसर्ग झालेला आहे.

खाण्याचा क्रम बारकाईने बघा. गायीने आधी आंबोण सोडली, मग मुरघास, आणि फक्त कडबा चघळतेय, असं दिसलं तर तो बहुधा कितनबाधा. तिच्या श्वासाला आणि दुधाला गोडसर, फळासारखा वास येतो. सगळ्यांच्या नाकाला तो येत नाही, म्हणून घरातल्या दोघा-तिघांना हुंगायला सांगा. असं होतं ते जास्त दूध देणाऱ्या गायींनाच, आणि म्हणूनच "दूध देतेय म्हणजे बरी आहे" हे वाक्य इतकं महागात पडतं.

दुकानातून आणलेल्या टॉनिक-कॅल्शियमच्या बाटल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यांतल्या अनेक बाटल्या मालकाच्या समाधानासाठी असतात. क्षारमिश्रण रोज द्या, पाणी भरपूर ठेवा. लिटरभर दुधामागे चारेक लिटर पाणी लागतं, शिवाय अंगासाठी वेगळं. दोन वेळा बादली दाखवून ते भागत नाही.

कधी थांबायचं, कधी बोलवायचं

लगेच फोन करा:

- भकाळी फुगली आहे, श्वास लागतोय
- व्यायलेली गाय उठत नाही, अंग गार
- गळ्याखाली सूज, घरघर, जोराचा ताप (घटसर्प असू शकतो)
- तोंडात-खुरात फोड आणि लाळेच्या तारा, किंवा अंगभर गाठी
- लाल लघवी
- कळा सुरू होऊन दोन तास झाले, तरी प्रगती नाही

त्याच दिवशी दाखवा: 103 च्या वर ताप, दोन वेळचं खाणं सोडलं, रवंथ बंद, कासेत गाठ किंवा दुधात गुठळ्या.

एक दिवस नजर ठेवा: थोडं पातळ शेण पण खाणं-रवंथ ठीक, माजाच्या दिवशीची अस्वस्थता, वैरण बदलल्यावर किंचित घटलेलं दूध.

डॉक्टर येईपर्यंत आडव्या पडलेल्या जनावराला नळ्याने तेल, काढा, ताक काहीही पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं आणि मूळ आजार बरा झाला तरी गाय न्यूमोनियाने जाते. तिला छातीवर बसतं करून दोन्ही बाजूंना भरलेली पोती लावा, एवढंच पुरे.

रक्त नाका-तोंडातून येऊन जनावर अचानक मेलं तर ते कापू, सोलू नका. काळपुळी माणसालाही होते. गाभडलेलं वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेलोसिस माणसात येतो तो याच वाटेने आणि कच्च्या दुधातून.

बाजारात घेताना

लोणीच्या गाय-बाजारात काय किंवा घोडेगावच्या म्हैस-बाजारात काय, विकायला आलेलं जनावर त्या दिवशी सर्वांत सुंदर दिसतं. ते तसं दिसावं म्हणून आदल्या रात्रीपासून मेहनत झालेली असते. धार न काढता कास तुंबवणं, शिंगं तासणं, दुसरीचं तान्हं वासरू शेजारी बांधणं, हे सगळं चालतं. तेव्हा:

- पहिली धार संपूर्ण काढून टाकायला सांगा, आणि पुढच्या दोन धारा स्वतःसमोर काढून मोजा. जमलं तर गाय बाजारात घेण्यापेक्षा गोठ्यावर जाऊन घ्या.
- चारही सड स्वतः पिळून बघा. तीन सडांवर कास भरलेली गाय लांबून कळत नाही.
- तोंड उघडून दात बघा. दोन दाती म्हणजे साधारण दोन ते अडीच वर्षं, जुळलेली म्हणजे साडेचार-पाचच्या पुढे. "दुसरं वेत" सांगितलं आणि दात झिजलेले निघाले तर सौदा तिथेच सोडा.
- कठीण जमिनीवर वीस पावलं चालवा.
- धारेआधी इंजेक्शन टोचताना दिसलं तर निघून या. दूध वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.
- ब्रुसेलोसिसची रक्तचाचणी मागा. दिसायला ठणठणीत गायही तो आजार घेऊन येते आणि तुमचा अख्खा गोठा गाभडवते.

घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळं बांधा. वैरण, पाणी, बादली वेगळी आणि धार सर्वांत शेवटी. जागा नाही ही अडचण खरी आहे. मग निदान शेताच्या दुसऱ्या टोकाला झाडाखाली का होईना, पण वेगळं.

कागद आणि हक्क

कानातला बारा अंकी बिल्ला ही तुमच्या जनावराची सरकारी ओळख. बिल्ल्याच्या क्रमांकावर लसीकरण आणि रेतनाची नोंद होते. विकत घेताना तो क्रमांक टाकून नोंद बघायला सांगा. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूतची लस सहा-सहा महिन्यांनी आणि ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडी-पारड्यांना एकदा दिली जाते. दोन्ही मोफत आहेत. गावात पथक येऊन गेलं आणि तुमचा गोठा राहिला, तर दवाखान्यात जाऊन मागायला संकोच करू नका. लस टोचल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप येतो, दूध किंचित घटतं. त्या भीतीने लस टाळणाऱ्यांचे गोठे साथीत आधी सापडतात.

श्रेणी-1 दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक असतात, श्रेणी-2 मध्ये बहुधा पशुधन पर्यवेक्षक. आरोग्य दाखला आणि विम्याची कागदपत्रं नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या सहीचीच लागतात. फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना तापमान, शेवटचं खाणं कधी आणि व्यायल्याला किती दिवस झाले, एवढं सांगितलंत तर निकड लगेच ठरते.

औषधाचं नाव लिहून मागणं हा तुमचा हक्क आहे. प्रतिजैविक दिलं असेल तर किती दिवस दूध विकायचं नाही हेही विचारा. वेष्टनावर ते छापलेलं असतं. त्या दिवसांचं दूध डेअरीला घालू नका आणि वासरालाही पाजू नका.

लाळ्या-खुरकूत, लम्पी, घटसर्प, काळपुळी यांचा संशय आला तर कळवणं 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्याने मालकावर बंधनकारक केलं आहे. असं जनावर घाईघाईने बाजारात नेऊन विकणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय पुढच्या तालुक्याला दिलेली साथ आहे.

विमा उतरवला असेल तर बिल्ला सांभाळा. पडला तर त्याच दिवशी विमा कंपनीला आणि दवाखान्याला लेखी कळवून नवा मारून घ्या, कारण बिल्ल्याशिवाय दावा अडतो. जनावर दगावलं तर पुरण्याआधी कंपनीला कळवा, कानासकट फोटो काढा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागा. आजारपणात डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठ्या आणि कॅलेंडरवर लिहिलेलं तापमान, दोन्ही विम्याच्या फाइलमध्ये लावा.